टायरचा रीटेक

पडद्यावर टायर जळत होता आणि त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या.

“हे काय आहे?” इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं.

“टायर, सार.”

“ते दिसतंय. पाकळ्या कसल्या?”

पाकळ्या सॉफ्टवेअरच्या होत्या. मी लग्नाचे व्हिडिओ करतो. एक प्रसंग संपून दुसरा सुरू होताना नुसतं कापून चालत नाही, मधे काहीतरी गोड घालावं लागतं. त्याला आम्ही ट्रान्झिशन म्हणतो. माझ्या कॉम्प्युटरवर ते न सांगताच पडतं. आधी पाकळ्या, मग दोन हंस. हंस यायला अजून पाच मिनिटं होती, पण साहेब तेवढे थांबले नाहीत.

“आणि टायर कुठून आला?”

“त्यांनीच आणला, सार. दोन आणले होते.”

“व्हिडिओत कुठून आला, म्हणतोय मी! तुला बायकांचं शूटिंग करायला सांगितलं होतं ना?”

आपलं काहीतरी चुकलंय, हे मला तिथं कळलं. किती चुकलंय ते कळायला दोन महिने लागले. त्या व्हिडिओवर सात बायकांची नोकरी अडकली होती, आणि अडकवणाऱ्यांत मीही होतो.

आधी माझी ओळख सांगतो. म्हैसूरला सरस्वतीपुरममध्ये माझा लहानसा स्टुडिओ आहे. आम्ही शिंपी. आजोबा, वडील, दोन काका, सगळे मशीनवर बसणारे. मला सरळ शिलाई कधी जमली नाही. शेवटी वडिलांनी कॅमेरा घेऊन दिला. “निदान लोकांचं कापड तरी वाचेल,” म्हणाले. घरी आम्ही मराठी बोलतो, पण त्यात कन्नड इतकं की पुण्याचा पाहुणा आला की तो आणि मी हिंदीत बोलतो. पोलिसांशी झालेलं सगळं बोलणं कन्नडमधलं आहे, मी ते इथं मराठीत करून सांगतोय. साहेब मराठीत वाटतात तेवढे सौम्य नव्हते.

लग्नं वर्षभर नसतात. म्हणून मधल्या दिवसांत मी पोलिसांचं काम घेतो. मोर्चा, धरणं, मिरवणूक काही असलं की स्टेशनवाले बाहेरच्या व्हिडिओवाल्याला बोलावतात. त्यांचे स्वतःचे कॅमेरे असतात, पण ऐन वेळी ते चार्ज नसतात. उद्या काही भांडण झालं, दगड पडला, तर कोण कोण होतं ते कोर्टात दाखवायला व्हिडिओ लागतो. काम सोपं. पाहुणे जेवायला बोलवत नाहीत, एवढाच फरक.

त्या दिवशीचा फोन हेड कॉन्स्टेबल पुट्टस्वामींचा होता. रिटायर व्हायला आलेला, हळू बोलणारा, प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स ठेवणारा माणूस. “गजानन, उद्या दहाला सर्कलवर ये. प्रोटेस्ट आहे. एकही चेहरा सुटता कामा नये, साहेबांनी सांगितलंय.”

कुणाचा चेहरा ते त्यांनी सांगितलं नाही. स्टेशनमध्ये जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणी फोनवर सांगत नाही.

सर्कल हुणसूर रोडवरचं, हूटगळ्ळीच्या पुढं. मी पोचलो तर तिथं एक नाही, दोन प्रोटेस्ट.

एका बाजूला, फुटपाथवर, वीसेक बायका. जवळच्या गारमेंट फॅक्टरीतल्या शिलाईवाल्या. कंपनीची बस आधी येलवालकडच्या वस्तीत आतपर्यंत जायची. ती आता सर्कललाच सोडत होती. संध्याकाळची शिफ्ट सुटली की या बायकांना अंधारातून दीड किलोमीटर चालावं लागे. हातात पुठ्ठ्याचे बोर्ड: ‘बस आत पाठवा’. एकीच्या हातात भाजीवाल्यांकडे असतो तसला भोंगा. बस, एवढंच.

दुसऱ्या बाजूला, रस्त्याच्या मधोमध, ‘अण्णांचे अभिमानी’, म्हणजे चाहते. अण्णा म्हणजे एक माजी नगरसेवक. सर्कलला अण्णांच्या वडिलांचं नाव द्यावं, अशी मागणी. पन्नासेक तरुण, एक टेम्पो, टेम्पोवर डीजे, त्यावर अण्णांचा एवढा मोठा बॅनर की खाली सगळ्या अभिमान्यांचे फोटो नावासकट मावले होते. बस, लॉऱ्या, अँब्युलन्स, सगळं मागं तुंबलेलं. दोन कॉन्स्टेबल हात वर करून ट्रॅफिक अडवत होते. तिसरा अभिमान्यांना पाण्याच्या बाटल्या वाटत होता.

शहाण्या माणसानं इथं पुट्टस्वामींना विचारलं असतं, कुठल्या बाजूचं काढू? मी विचारलं नाही. मला ते उत्तर आधीच येत होतं.

आमच्या लोकांत लग्नाच्या व्हिडिओचा एक नियम असतो. कुठं लिहिलेला नाही, पण मोडला की कळतो. मुलाकडचे आणि मुलीकडचे, दोघांना सारखा वेळ. एका लग्नात मी मुलाकडच्या पंगतीला वीस मिनिटं दिली आणि मुलीकडच्यांना अकरा. मुलीचे मामा घड्याळ हातात घेऊन व्हिडिओ बघायला बसले. नंतर जे झालं त्यात माझा एक ट्रायपॉड गेला. तेव्हापासून मी मनगटावरचं घड्याळ बघून पाच मिनिटं इकडं, पाच मिनिटं तिकडं असंच काढतो. आणि कॅमेरा मधे बंद करत नाही. बंद केला की नेमकी तेव्हाच नवरी माळ घालते.

सर्कलवर दोन पक्ष दिसले, हात आपोआप चालू झाला.

आधी बायकांकडं गेलो. भोंगेवाली बाई वळली आणि मी दचकलो. ती इंदूअक्का होती. आमचीच, शिंप्यांतली. एकादशीला विठ्ठलाच्या भजनात पुढं बसून टाळ वाजवणारी. तिच्या नवऱ्याचं टेलरिंगचं दुकान होतं, डोळे अधू झाले तसं ते बंद पडलं. आता घर तिच्या पगारावर.

“अय्यो, गजण्णा! तू इथं? कुणाचं लग्न?”

“ड्यूटीवर आहे, अक्का.”

“कुणाच्या?”

“पोलिसांच्या.”

“म्हणजे आमचाच फोटू काढायला आलास, अल्वा, होय ना? मग नीट काढ कणो. मागच्या वेळी माझ्या पुतणीच्या लग्नात मला अर्धीच काढलीस. नुसती वेणी.”

हे मला लागलं. मी म्हटलं, आज तक्रार ठेवायची नाही. “अक्का, उंच बायका मागं, बुटक्या पुढं. बोर्ड छातीशी धरा, तोंडासमोर नको. हां. थोडं हसा.”

त्या हसल्या. वर्षानुवर्षं लग्नात उभ्या राहिलेल्या बायका, कॅमेरा समोर आला की रांग आपोआप लागते. पहिल्या रांगेत सात जणी आल्या.

पाच मिनिटं झाली. मी वळलो. तिकडं टायर पेटला होता, पण मी पोचेपर्यंत अर्धा झाला होता आणि ज्वाळा धड दिसत नव्हती. लग्नात होमाची ज्वाळा चुकली तर व्हिडिओवाल्याला पुढचं काम मिळत नाही. मी ओरडलो, “सार, सार! सुरुवात आली नाही. एकदा परत होईल का?”

मी हे एका दंगलीत म्हणत होतो, हे माझ्या डोक्यात नव्हतं. त्यांच्याही नसावं. त्यांचा पुढारी खूश झाला. “मत्ते काय, आण रे दुसरा!” टेम्पोतून दुसरा टायर आला. पुढाऱ्यानं केसांवरून हात फिरवला. मी म्हटलं, “टायर थोडा डावीकडं घ्या, लाइट येत नाही. पोलीससार, तुम्ही जरा बाजूला, बॅनर झाकतोय.” पाणी वाटणारा कॉन्स्टेबल लगेच बाजूला झाला आणि जाता जाता टायरही पायानं डावीकडं सरकवून गेला. मदतीची वृत्ती.

असं आलटून पालटून चाळीस मिनिटं चाललं. मग पोलिसांची गाडी आली. ती अभिमान्यांना वळसा घालून फुटपाथपाशी थांबली.

“परवानगी नाही. चला,” एका सबइन्स्पेक्टरनं बायकांना सांगितलं.

इंदूअक्का म्हणाली, “साहेब, आम्ही आठ दिवसांपूर्वी अर्ज दिलाय. सील मारून पोच दिलीत तुम्ही.”

“अर्ज दिला म्हणजे परवानगी मिळाली असं नाही.”

“आणि ते? रस्त्यात आग लावून बसलेत ते?”

“तुम्ही तुमचं बघा.”

बायका गाडीत चढायला लागल्या. इथं मी जे केलं ते सांगायला मला आजही जड जातं. मी म्हटलं, “अक्का, एकेकीनं सावकाश चढा. मागचीचा चेहरा येत नाही.”

इंदूअक्कानं पायरीवरून माझ्याकडं बघितलं. मग सावकाश आत गेली, मी सांगितलं होतं तशी.

स्टेशनमध्ये सात जणींवर केस झाली. पहिल्या रांगेतल्या सात. ती रांग मी लावली होती. बेकायदा, हिंसक जमाव, रस्ता अडवणं, विनापरवाना ध्वनिक्षेपक, आणि ‘प्रक्षोभक घोषणा’. बाकीच्यांना संध्याकाळी समज देऊन सोडलं.

पुट्टस्वामींनी मला बसवलं आणि माझ्या कॅमेऱ्यातलं कार्ड मागितलं. त्यावरची फाइल आधी मला माझ्या लॅपटॉपवर घेऊ दिली, मग कार्ड त्यांच्या कॉम्प्युटरला लावून एक लांबलचक आकडा कागदावर उतरवून घेतला. आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून चौसष्ट. त्यांनी ती दोनदा तपासली, एकेका अक्षराखाली पट्टी धरून.

“हे काय, सार?”

“हॅश. फाइलच्या अंगठ्याचा ठसा. तू यातला एक सेकंद जरी काढलास, तरी ठसा पूर्ण बदलतो.” त्यांनी तो आकडा महजरमध्ये, म्हणजे पंचनाम्यात, लिहिला. कार्ड पाकिटात घालून लाख लावली. मी सही केली. दुसऱ्या दिवशी महजर कोर्टात पोचला. पुट्टस्वामी कागद ठेवून घेत नाहीत.

मग दोन दिवसांनी साहेबांनी ‘बघायला कॉपी आण’ म्हटलं, आणि मी घरी लॅपटॉपवर तुकडे करून, जोडून, पाकळ्यांची कॉपी नेली. तो प्रसंग तुम्ही वर वाचलाच.

“हे बघ,” साहेब म्हणाले, “पाकळ्या काढ.”

“आगली, सार.” म्हणजे, होय साहेब.

“आणि टायरही काढ. तो टेम्पो, तो बॅनर, ते पाणी देणं, सगळं. फक्त बायका ठेव.”

“आगली, सार.”

तुम्हाला वाटत असेल, मी बाणेदारपणे काहीतरी बोललो असेन. मी ‘आगली, सार’च म्हटलं. साहेबांसमोर उभं राहिलं की माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नाही.

“आणि पेन ड्राइव्हबरोबर सर्टिफिकेट दे. पुट्टस्वामी फॉर्म देईल, सही कर.”

पुट्टस्वामी दाराशी उभे होते. ते हळूच म्हणाले, “साहेब, महजरमध्ये हॅश गेलाय.”

“कोर्टात कोण जुळवून बघतं? फॉर्मवर सही याची आहे.”

घरी येऊन मी टायर कापला. पन्नास मिनिटांची पंचवीस झाली. सहज म्हणून हॅश काढून बघितला. मला वाटलं होतं, निम्मा तरी जुळेल. एकही भाग जुळला नाही. जणू दुसऱ्याच कुणाचा अंगठा.

मी तसाच बसलो होतो आणि इंदूअक्का आली. चपला बाहेर काढल्या नाहीत, यावरून काय ते मी समजलो.

“काय, झालं का आमच्या लग्नाचं एडिटिंग?”

“बस, अक्का.”

“बसायलाच वेळ आहे आता. कंपनीनं सांगितलंय, केस मिटल्याचा कोर्टाचा कागद आणा, तोवर गेटच्या आत यायचं नाही. सात जणींना. चौदा वर्षं झाली मला लाइनवर. आणखी तीन महिने गैरहजर राहिले तर नाव कट.” मग ती माझ्या पडद्याकडं बघत राहिली. तिथं तीच होती, बोर्ड धरून हसत. “पूर्ण काढलीस या वेळी. बरं झालं.”

“अक्का, मला माहीत नव्हतं…”

“तुला काय माहीत असतं रे? त्यांचा टायर कुठंय यात?”

मी लॅपटॉप मिटायला गेलो.

“काढलास?”

“साहेबांनी सांगितलं.”

“साहेबांनी तुला विहिरीत…” ती थांबली. टेबलावरचा फॉर्म उचलला. तिला कन्नड वाचायला चष्मा लागत नाही. “वाच मोठ्यानं. तुझीच सही आहे ना?”

मी वाचला. कायद्याची भाषा होती, पण अर्थ एवढाच: हा व्हिडिओ मी काढला, माझ्या कॅमेऱ्यानं काढला, कॅमेरा नीट चालत होता, आणि यात काहीही बदल केलेला नाही. खाली हॅश लिहायला जागा. त्याखाली माझं नाव, वडिलांचं नाव, पत्ता.

“वडिलांचं नाव लागतं?” मी विचारलं.

“मग! पकडून न्यायला घर कुठं शोधतील?” इंदूअक्का म्हणाली. “कर सही. तुझं अक्षर चांगलं आहे.”

ती गेली. मी रात्रभर तळमळलो, असं लिहायला छान वाटलं असतं. मला झोप लागली, पण सकाळी सव्वापाचला जाग आली आणि विचार सुरू झाला. कशाचा ते मी प्रामाणिकपणे सांगतो. सात बायकांचा थोडा, त्या कोऱ्या जागेतल्या चौसष्ट अक्षरांचा जास्त. खोटं लिहिलं तर पकडला जाणारा मी. साहेबांचं नाव त्या कागदावर कुठंच नव्हतं.

मी पुट्टस्वामींना स्टेशनसमोरच्या हॉटेलात गाठलं. त्यांनी सेट डोसा मागवला आणि माझं ऐकून घेतलं.

“मी तुला काही सांगत नाही,” ते म्हणाले. “मी सर्व्हिसमध्ये आहे. फक्त एक सांगतो. खऱ्या फाइलला ठसा जुळवायची भीती नसते.”

“आणि साहेबांना काय सांगू?”

“त्यांना सांग, तुम्ही वर सही करा, मी खाली करतो. बघ काय म्हणतात.”

मी गेलो. शब्द तोंडात पाठ करून गेलो होतो. “सार, कापलेल्या फाइलचा ठसा महजरशी जुळत नाही. कापायची असेल तर मी कापतो, पण तुमच्या ऑर्डरनं कापली असं वर तुम्ही लिहून सही करा, खाली मी करतो.”

साहेबांनी फॉर्म हातात घेतला, वर धरला, मागची बाजू बघितली. तिथं काही नव्हतं.

“पन्नास मिनिटं आहे, अं?” ते म्हणाले.

“होय, सार.”

“कोर्टात पन्नास मिनिटं कोण बघत बसतं! आहे तसं दे.”

मी आहे तसं दिलं. पूर्ण फाइल, जुळणारा हॅश, माझी सही, वडिलांचं नाव. साहेबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सरकारी वकिलांनी बघितला नाही. खुद्द साहेबांनीही पुन्हा बघितला नाही. पण कायद्यानं आरोपीला पोलिसांच्या सगळ्या पुराव्याची कॉपी द्यावी लागते. ती बायकांच्या वकील कावेरीमॅडमना मिळाली. त्या नव्या होत्या. त्यांच्याकडं दुसऱ्या केसेस नव्हत्या. त्यांनी पन्नास मिनिटं बघितला. मला वाटतं, दोनदा.

दोन महिन्यांनी कोर्टात तारीख. मला लॅपटॉप घेऊन बोलावलं होतं, व्हिडिओ लावायला. सातही जणी मागच्या बाकावर. इंदूअक्कानं माझ्याकडं बघितलं नाही.

कावेरीमॅडम म्हणाल्या, आमचा वेगळा पुरावा नाही, फिर्यादी पक्षाचाच व्हिडिओ बघावा. मॅजिस्ट्रेटबाईंनी चष्मा लावला.

पहिली पाच मिनिटं. बायका फुटपाथवर, बोर्ड छातीशी, हसताहेत. मॅजिस्ट्रेटबाईंनी कागद बघितला. “बेकायदा, हिंसक जमाव. हाच का?”

“हाच, मॅडम,” सरकारी वकील म्हणाले.

“आणि प्रक्षोभक घोषणा कुठल्या?”

सगळ्यांनी कान लावले. इंदूअक्काचा भोंगा तोंडाला होता, ओठ हलत होते, आणि ऐकू येत होतं ते समोरच्या टेम्पोवरचं डीजेचं गाणं. पन्नास मिनिटांत बायकांची एक घोषणा ऐकू आली नाही.

“ध्वनिक्षेपकाची केस कुणावर आहे?” मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं.

“भोंग्यावर, मॅडम.”

मग कॅमेरा वळला. टायर आला. बॅनर आला. पाण्याच्या बाटल्या आल्या. आणि कोर्टभर एक आवाज घुमला: “सार, सार! सुरुवात आली नाही. एकदा परत होईल का?”

“थांबवा,” मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या. “हा आवाज कुणाचा?”

मला खाली बघून केबल नीट करायची फार गरज वाटली.

“कुणाचा?”

“माझा, मॅडम.”

“तुम्ही आंदोलकांपैकी?”

“नाही, मॅडम.”

“पोलीस?”

“नाही, मॅडम. मी लग्नाचा व्हिडिओवाला.”

मागच्या बाकावरून एक हुंदक्यासारखा आवाज आला. इंदूअक्का पदर तोंडात घालून हसत होती. मॅजिस्ट्रेटबाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि जरा जास्तच वेळ प्यायल्या. मग मला पुढं चालू करायला सांगितलं. कॉन्स्टेबलनं पायानं टायर सरकवला तिथं पुन्हा थांबवायला सांगितलं, आणि आता त्या हसत नव्हत्या.

“दोन्ही जमाव एकाच वेळी, एकाच सर्कलवर,” त्या म्हणाल्या. “एकावर केस आहे, दुसऱ्याला पाणी आहे. कारण?”

सरकारी वकिलांनी इन्स्पेक्टरसाहेबांकडं बघितलं. साहेब उठले. “मॅडम, या महिलांनी परवानगीसाठी अर्ज केला होता. तो मंजूर झाला नव्हता. तरी त्या जमल्या. म्हणून आदेशाचा भंग.”

“आणि रस्त्यावरचे?”

“त्यांनी अर्जच केला नव्हता, मॅडम. त्यामुळं नामंजूर व्हायचा प्रश्न आला नाही.”

साहेब हे इतक्या सरळपणे बोलले की क्षणभर मलाही पटलं. कावेरीमॅडम म्हणाल्या, “म्हणजे माझ्या अशिलांची चूक एवढीच की त्यांनी विचारलं.”

“वकीलबाई, ते मी लिहिते,” मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या, आणि लिहायला लागल्या.

सातही जणींवर केस चालवण्यासारखं काही नाही, असा हुकूम झाला. शांतपणे उभं राहून बस मागणं हा नागरिकाचा हक्क आहे, आणि तो कुणाच्या ओळखीवर कमीजास्त होत नाही, असं एक वाक्य त्यात होतं. दुसऱ्या जमावाबद्दल पोलिसांनी लेखी खुलासा द्यावा, असंही. मला एक वेगळी समज मिळाली: साक्षीदारानं घटना टिपावी, घडवू नये. मी मान डोलावली.

बाहेर इंदूअक्का माझ्यापाशी आली. “मत्ते, त्या पोलिसाला बाजूला हो म्हणालास ना, तेव्हा मला वाटलं, आता याला पण नेतात गाडीत.”

“अक्का, मी तुमची रांग लावायला नको होती.”

“नको होतीच,” ती म्हणाली. पाचेक पावलं गेल्यावर वळली. “कॉपी दे मला. सुम्ने, उगीच, घरी ठेवायला. हसलोय सगळ्या चांगल्या.”

तिसऱ्या दिवशी ती हुकमाची सहीशिक्क्याची नक्कल घेऊन गेटवर गेली. कंपनीनं ती नक्कल ठेवून घेतली आणि सातही जणींना लाइनवर घेतलं. मधल्या दोन महिन्यांची हजेरी धरली नाही. त्याबद्दल त्या पुन्हा अर्ज करणार होत्या, कावेरीमॅडमनी मसुदा करून दिला. बस मात्र आत जायला लागली. पूर्ण नाही, निम्म्या वाटेपर्यंत. उरलेल्या अर्ध्यासाठी बायका भांडताहेत.

अभिमान्यांवरही शेवटी केस झाली. मी कागद स्वतः बघितला. ‘चाळीस ते पन्नास अनोळखी व्यक्ती’, असं लिहिलंय. बॅनरवर सगळ्यांचे फोटो होते, खाली नावं होती, काहींचे मोबाइल नंबर होते. तपास चालू आहे.

पुट्टस्वामी रिटायर झाले. साहेबांची बदली झाली, पण ती व्हायचीच होती, तिचा माझ्या व्हिडिओशी संबंध जोडून मी भाव खाणार नाही. मला वाटलं होतं, पोलिसांचं काम आता सुटलं. पण पुढच्या मोर्च्याच्या आदल्या दिवशी स्टेशनमधून फोन आला, कारण त्यांचे कॅमेरे पुन्हा चार्ज नव्हते.

या सगळ्यातून मी जे शिकलो ते तीन गोष्टींत बसतं. आंदोलकांना रांगेत लावू नये. कुणालाही रीटेक मागू नये. आणि काम घेताना ऑर्डर लेखी घ्यावी. तिसरी मी कटाक्षानं पाळतो. फोन आला की विचारतो, “सार, कुणाचं काढायचं आणि कुणाचं नाही, तेवढं लिहून पाठवाल?”

अजून कुणी पाठवलेलं नाही.